जकात मोजणे आणि जकात देणे

रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशेब होतो. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक चांद्रवर्षभर राहिली, तर तिच्यात शेकडा अडीच रुपये गरजूंचा हक्क. हे झाले इल्म, म्हणजे ज्ञान. ते मौलानांकडून मिळते, आता मोबाईलवरही मिळते.

पण ती द्यायची कशी, हे सुचते हिकमतीने, म्हणजे शहाणपणाने. रांगेतल्या विधवेच्या हाती शिध्याची पिशवी दिली जाते, फोटो निघतो आणि तासाभरात व्हॉट्सॲपवर गावभर फिरतो. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा वर्गात मान खाली घालून बसतो. हिशेब चोख, पण माणूस दुखावलेला!

कुरआनातील सूरह बकराच्या २६१ ते २७४ या आयती मुख्यतः दानाविषयी आहेत. त्यांच्या मधेच, २६९व्या आयतीत, हिकमतीची थोरवी येते. उपकार बोलून दाखवला की दान वाया जाते आणि गरिबाला गुपचूप दिलेले अधिक चांगले, हेही तिथेच सांगितले आहे. हनफी उलेमांच्या मते देणाऱ्याच्या मनात नियत असली की पुरे. घेणाऱ्याला ‘ही जकात आहे’ असे सांगावेही लागत नाही. ईदी म्हणून दिली तरी चालते.

शाळेत वह्या वाटणारे मंडळ असो की किराणा वाटणारी मशिदीची कमिटी, घेणाऱ्याची मान ताठ राहिली का, एवढे पाहिले तरी पुष्कळ.