‘घ’ घराचा, की ‘इ’ इल्लूचा?

एरवी या पानावर आपली गाठ पडते ती धावतपळत. दिवाळी अंकात संपादकमहाशय जागा सढळ हाताने देतात, म्हणून आज जरा निवांतपणे बोलण्याचा विषय काढते. मुलांच्या पहिल्या पुस्तकाचा.

मराठी घरातल्या मुलाला ‘घ घराचा’ शिकायला फारसे कष्ट पडत नाहीत. चित्रात घर असते, मूल ते पाहून ‘घर’ म्हणते, तोंडातून ‘घ’ बाहेर पडतो आणि त्या आवाजाला बाई फळ्यावर आकार देतात. सारी युक्ती एवढीच. चित्राने शब्द काढायचा, शब्दाने अक्षर. आता हेच पुस्तक सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या पद्मशाली विणकराच्या मुलीपुढे ठेवा. घर पाहून ती म्हणेल ‘इल्लु’. तिच्या शेजारी अक्कलकोटकडची कानडी बोलणारी मुलगी बसली असेल, तर ती म्हणेल ‘मने’. चित्र दोघींनीही अचूक ओळखलेले असते. पण बाईंना हवा असलेला ‘घ’ काही केल्या बाहेर येत नाही.

हे मला कळले ते माझ्या भाचीमुळे. ती सोलापुरातल्या एका मराठी शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. यंदा वाचनाच्या साहित्यासाठी शाळेकडे थोडी रक्कम आली आणि “मावशी, निवडायला तू ये,” म्हणून तिचे पत्र आले. टेबलावर नमुन्यांचा ढीग होता. त्याच्याशेजारी मुलांच्या चाचणीचे कागद पडले होते. चित्राखाली त्याचे पहिले अक्षर लिहायचे, असा प्रश्न. एका मुलीने आईच्या चित्राखाली ‘अ’ लिहिला होता आणि त्यावर दुसऱ्या शिक्षिकेची तांबडी फुली होती. मुलगी तेलुगू घरातली. तिच्या घरी आईला अम्माच म्हणतात! तिला आवाज ओळखता येत होता, अक्षर लिहिता येत होते, दोन्हींची सांगडही घालता येत होती. म्हणजे जे शिकवायचे ते ती शिकलेली होती. पण वर्गात ती तोंड उघडत नसे, आणि ‘बुद्धीने जरा कमी दिसते’ असा शेरा तिच्या नावापुढे पडण्याच्या बेतात होता. मला त्या फुलीची धास्तीच वाटली. सहाव्या वर्षी पडलेला असा शेरा पुसायला पुढे कोण बसले आहे?

कोणी म्हणेल, मग तिला तेलुगू शाळेत का घातले नाही? सोय आहे. पुण्याची बालभारती ही संस्था १९६७ साली निघाली. ती मराठीबरोबर कानडी, तेलुगू, उर्दू अशा माध्यमांचीही पुस्तके छापते. घटनेच्या ३५०क कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे १९५६ पासून लिहिलेले आहे. १९५३ सालच्या युनेस्कोच्या अहवालानेही सुरुवात मातृभाषेतून करावी असेच सांगितले. पण मुलीचा बाप यंत्रमागावर आणि आई विड्या वळते. पोरीला पुढे या राज्यात नोकरी मिळावी म्हणून ती दोघे मराठी शाळा निवडतात. त्यांचा हिशेब चुकीचा आहे असे मी तरी म्हणणार नाही. तेव्हा मुलगी मराठी शाळेत येणारच. प्रश्न उरतो तो टेबलावरच्या ढिगाचा.

ढिगातले निम्मे साहित्य गुळगुळीत कागदाचे. ‘अ अननसाचा’ घेऊन बसलेले तक्ते तर पाच तऱ्हांचे! त्या वर्गातल्या किती मुलांनी अननस चाखला असेल? आम्ही एकच कसोटी ठरवली. पुस्तक मुलांपुढे उघडून गप्प बसायचे, आणि किती मुले बोलू लागतात ते मोजायचे. मग भाषा कोणती का असेना.

त्या कसोटीत पहिले आले ते शब्द नसलेले, आठवड्याच्या बाजाराचे एक मोठे चित्र. कांद्यांच्या ढिगावर बोट ठेवताच वर्गात ‘उल्लि’, ‘उळ्ळागड्डि’, ‘प्याज’ असा एकच गलका झाला. भाचीने फळ्यावर ‘उ’ काढला. तेलुगू आणि कानडी दोन्ही पोरींचा तो ‘उ’ होता. मराठी मुलांनाच त्या दिवशी आपला कांदा बाजूला ठेवावा लागला, आणि त्यांना त्याची मोठी गंमत वाटली. मिरचीने तर सर्वांची सोय केली : तेलुगूत मिरप, कानडीत मेणसिनकायि, कोणीही कुठूनही आले तरी ‘म’ सापडतोच. फुली मिळालेली ती मुलगी कुत्र्याच्या चित्रापाशी ‘कुक्क’ असे म्हणाली. भाची म्हणाली, “मराठीत कुत्रा. ‘कु’ दोघांचा!” मुलीने मान हलवली आणि पुन्हा, मोठ्याने, दोन्ही शब्द म्हणाली.

मुख्याध्यापकांना काळजी पडली, की अशाने मराठी कच्चे राहील. मला उलटे वाटते. माहीत असलेल्या शब्दाला नवा शब्द चिकटतो. शून्याला काय चिकटणार? आकड्यांचेच पाहा. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ अशी रीत दिली, तेव्हा वर्तमानपत्रांत आणि विधानसभेत केवढी थट्टा झाली! तेलुगूत ‘इरवै ओकटि’, कानडीत ‘इप्पत्तोंदु’. दोन्हीकडे आधी वीस, मग एक. त्या मुलांना ‘वीस एक’ हा घरून आणलेला जिना होता. त्यावरून ‘एकवीस’पर्यंत चढता येते. ‘एकोणतीस’ मात्र मराठी मुलांनाही घाम फोडतो, ते असो.

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदी असावी की नसावी यावर महाराष्ट्रभर रणकंदन झाले आणि जूनअखेर सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. मुलाच्या डोक्यावर आणखी काय ठेवायचे याची तेव्हा फार चर्चा झाली. मूल येताना घरून काय घेऊन येते, हे विचारणारे थोडे होते.

आम्ही शेवटी घेतली ती बाजाराची, शेताची आणि लग्नघराची मोठी चित्रे. एकच गोष्ट मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दूत स्वतंत्र छापलेली पातळ पुस्तके, म्हणजे आयांपैकी ज्यांना वाचता येते त्यांनी घरी वाचून दाखवावे. आणि उरलेल्या पैशांत कोरे कागद. गुळगुळीत तक्ते परत पाठवले. तेलुगू, कानडी आणि सोलापुरी मराठी, तिन्हींत चालणारा ‘अ अक्काचा’ असा तक्ता मात्र कुठेच मिळेना. तो भाचीने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्वतः काढला आहे. अक्काच्या वेणीत तिने अबोलीचा गजरा माळला आहे. त्यातला दुसरा ‘अ’ मुलांना दाखवण्याचा मोह तिने तूर्त आवरून धरला आहे, कारण गजऱ्याला घरी काय म्हणतात ते मुलांकडून अजून ऐकायचे आहे.