‘कुठले कदम?’ आणि उडालेली झोप

कोकणात माणसाने नाव सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘कुठले कदम?’ ‘कुठले जाधव?’ परक्याला वाटेल, गाव विचारले. आपल्याला ठाऊक असते की विचारली ती वाडी, आणि वाडी कळली की जात कळते. कदम, जाधव, पवार, मोहिते ही आडनावे आपल्याकडे मराठा समाजात आहेत तशी बौद्ध समाजातही आहेत, म्हणून एवढी चौकशी. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. प्रश्न मात्र तोच राहिला.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. माझ्याकडे येणाऱ्या डोकेदुखीचा, आम्लपित्ताचा आणि न लागणाऱ्या झोपेचा थोडा भाग या प्रश्नाशी बांधलेला आहे, म्हणून.

पंचविशीतला एक तरुण माझ्याकडे वरचेवर येत असे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) छातीत जळजळ, रात्री दोनला जाग, सकाळी डोके जड. रक्त, ईसीजी, सोनोग्राफी सगळे ठीक. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो म्हणाला, ‘डॉक्टर, कचेरीत चहा येतो तेव्हा सगळ्यांना कप आणि मला कागदी पेला. कप खरोखरच कमी असतील. पण सहा महिने मी मोजतोय. दोनदा मलाही कप मिळाला. मग मला वाटते, आपणच उगाच.’ थोडे थांबून म्हणाला, ‘कोणी तोंडावर शिवी दिली असती तर बरे झाले असते.’

या वाक्यात सारे निदान आहे. उघड अपमानाला राग येतो, भांडण होते, मन मोकळे होते. पण ‘हे माझ्या जातीमुळे झाले की सहज झाले?’ या प्रश्नाला उत्तर नसते. मन त्यावर रात्रंदिवस पहारा देत राहते. पहाऱ्यावरचे शरीर स्वस्थ नसते. अ‍ॅड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल ही संकटकाळी लागणारी रसायने वारंवार स्रवतात, नाडी जलद चालते, स्नायू ताठ राहतात, झोप तुटते, रक्तदाबही वाढू शकतो. आपल्याला भेदभावाची वागणूक मिळते असे ज्यांना वाटते, त्यांच्यात उदासीनता, चिंता आणि झोपेच्या तक्रारी जास्त आढळतात, असे अमेरिकेत व इतरत्र झालेल्या पुष्कळ अभ्यासांत दिसले आहे. ‘वाटते’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. तो भेदभाव कोर्टात सिद्ध होईल की नाही, हे शरीर विचारत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. १९०१ मध्ये ते भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाले असता मसूर स्टेशनवर मास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. तुम्ही कोण, याचे उत्तर मुलाच्या तोंडून निघताच मास्तरांचा चेहरा बदलला. पुढे गाडीवान मिळेना, वाटेत पाणी मिळेना. तीसहून अधिक वर्षांनी, जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतल्यानंतर, बाबासाहेबांनी हा प्रसंग बारीकसारीक तपशिलांसह लिहून ठेवला. लहानपणीचा गोवर माणूस विसरतो, असा बदललेला चेहरा विसरत नाही.

‘आता कुठे राहिली आहे जात? सगळे एका बाकावर बसतात,’ असे मला सुशिक्षित माणसे सांगतात. त्यांना मी २००९ सालची आठवण देतो. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात, विशेषतः मेलबर्नमध्ये, भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. जानेवारी २०१० मध्ये नितीन गर्ग या तरुणाचा भोसकून खून झाला. तिथले पोलीस आणि पुढारी म्हणत होते की यातली बरीच प्रकरणे चोरी-लुटीची आहेत, लगेच वर्णद्वेष म्हणू नका. आपल्याकडे मात्र हे वर्णद्वेषच आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती. पारावर, एसटीत, वर्तमानपत्रात एकच सूर. आपली मुले खोटे कशाला बोलतील, असे आपण म्हणालो. आजही परदेशातला भाचा फोनवर म्हणाला की दुकानात माझ्याकडे संशयाने बघतात, तर घरात कोणी पुरावा मागत नाही. पुरावा मागतो तो शेजारच्या वाडीतल्या मुलाकडे.

असे का होते? मला वाटते, तक्रार ऐकताना आपण तिला आरोप समजतो, आणि तोही आपल्या सगळ्या जातीवर. एकजण म्हणतो, ‘मला त्रास झाला.’ समोरच्याला ऐकू येते, ‘तुम्ही सारे वाईट.’ मग तो स्वतःच्या आजोबांपासून बचाव सुरू करतो. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री अकरानंतर काय चालते ते सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंची माणसे माझ्याकडे रक्तदाब मोजायला येतात. ‘मला जातीयवादी म्हणाले हो,’ म्हणत धडधडत आलेले पन्नाशीचे गृहस्थही मी पाहिले आहेत. त्यांचेही दुखणे खोटे नाही. फरक इतकाच की त्यांची धडधड चार दिवसांत बसते. त्या तरुणाला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कचेरीत चहा घ्यायचा असतो.

आमच्या डॉक्टरी पेशातही हेच घडले. जळगाव जिल्ह्यातून आलेली, तडवी भिल्ल समाजाची डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना २२ मे २०१९ रोजी गेली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप घरच्यांनी केला, आरोपी डॉक्टरांनी तो नाकारला. त्याचा निवाडा न्यायालयाचा, माझा नव्हे. पण तेव्हा माझ्या परिचयाच्या डॉक्टरांत चर्चा कशाची झाली? हे रॅगिंग की जात? जणू दोन्हींपैकी एकच असू शकते. आईचे काय चालले असेल, हा विषय चहाबरोबर संपला.

खोट्या तक्रारीही होतात, हे मला सांगितले जाते. होतात. पोटदुखीचे सोंग करून रजेचा दाखला मागणारे मला दरमहा भेटतात. म्हणून पोट न तपासता मी कोणाला परत पाठवत नाही. प्रत्येक वाक्यात अपमान शोधणारे रुग्णही आहेत, आणि त्यांचे फार हाल होतात. पण ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ हे औषध त्यांनाही लागू पडत नाही. उलट, आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही ही भर पडते.

म्हणून घरच्यांना आणि मित्रांना माझे सांगणे असे, की कोणी अशी गोष्ट सांगू लागला तर पहिले वाक्य ‘तुझा गैरसमज असेल’ हे नको. ‘मग काय झाले?’ एवढे विचारा आणि ऐका. ज्याला त्रास होतो त्याने तारीख, जागा आणि घडले ते दोन ओळींत वहीत लिहावे. पहाऱ्याचे काम वहीकडे गेले की डोक्याला थोडी विश्रांती मिळते, आणि पुढे तक्रार करायची ठरली तर ती नोंद उपयोगी पडते. दोन आठवड्यांहून अधिक झोप नसेल, अन्नावरची वासना गेली असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर डॉक्टरकडे जावेच. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते.

एक विनंती शिक्षकांना. संशोधक कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या शाळकरी मुलांना कागदावरची वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली होती. तो अहवाल २००४ मध्ये आला. जात न सांगता बसवले तेव्हा दोन्हीकडची मुले जवळपास सारखीच चालली. सर्वांसमोर नावाबरोबर जात वाचून दाखवल्यावर मात्र ‘खालच्या’ म्हटल्या जाणाऱ्या जातींची मुले मागे पडली. तेव्हा शिष्यवृत्तीची यादी वर्गात प्रवर्गासह मोठ्याने वाचू नये. मुलाला कार्यालयात बोलावून सही घ्यावी. त्याला पाच मिनिटे जास्त लागतील.