गुणांचा विनिमय दर

दहावीच्या निकालाच्या दिवसांत आमच्या सोसायटीत पेढ्यांबरोबर भांडणेही वाटली जातात. यंदाचे भांडण इतिहासावरून झाले. आमचे चिरंजीव एसएससीचे, समोरच्या वहिनींची कन्या सीबीएसईची, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा मुलगा आयसीएसईचा. आमचाच पेढा तोंडात टाकत वहिनी म्हणाल्या, "तुमच्या बोर्डाचा इतिहास काय हो, जोड्या ओळखल्या की झालं!"

आम्ही पडलो बी.कॉम. हिशेब केल्याशिवाय रागावतसुद्धा नाही. 2024 च्या तिन्ही प्रश्नपत्रिका मिळवल्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडल्या. आमचा इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर 40 गुणांचा, वेळ 2 तास. वहिनींकडे सगळी सामाजिक शास्त्रे मिळून 80 गुण, 3 तास. त्यात इतिहासाच्या वाट्याला 20. डॉक्टरांकडे इतिहास-नागरिकशास्त्राचेच 80, तेही 2 तासांत. आता ह्यात अवघड कोणता? काउंटरवर डॉलर, पौंड आणि रुपये एकत्र मोजून आम्ही 'एकूण इतके' असे लिहिले, तर मॅनेजरसाहेब त्याच संध्याकाळी आम्हाला घरी बसवतील. अकरावीच्या प्रवेशयादीत मात्र तिन्ही बोर्डांचे टक्के एका रांगेत उभे. विनिमय दर विचारायचा नाही!

आमच्या बोर्डाला सोपे म्हणणाऱ्यांनी 2018 साली आलेले दहावीचे पुस्तक जरा उघडावे. पहिल्याच धड्यात व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स आणि मायकेल फुको! आम्हाला तर फुको म्हणजे फुटबॉल खेळणारा कुणीतरी वाटला होता. पण एवढा मोठा माणूस पेपरात येऊन येऊन येणार कुठे? 'योग्य पर्याय निवडा'मध्ये, एका गुणाला. वहिनींनीही फार हसू नये. त्यांच्या पेपरातले पहिले 20 प्रश्न पर्यायांचेच आहेत. राहता राहिले 'सकारण स्पष्ट करा'. तर कारणही गाइडातले, आणि स्पष्ट करणारेही गाइडच.

बरे, टक्क्यांवरून अवघडपणा ठरवावा, तर त्याचीही गंमत ऐका. 2018 साली आपल्या बोर्डाचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत 20 गुण काढून घेतले. निकाल आला 77.10 वर. 2020 ला ते गुण परत दिले. निकाल चढला 95.30 वर. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला, हे मान्य. पण दोन वर्षांत मुले एकदा ढ आणि एकदा हुशार झाली, असे का कुणी म्हणेल? पानिपत तर तिन्ही वर्षी 1761 मध्येच झाले होते! बदलला तो गुण वाटणाऱ्याचा हात.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की कुणाचा पेपर अवघड हे विचारणे सोडा. 'का?' ह्या प्रश्नाचे उत्तर पोराला स्वतःच्या शब्दांत द्यावे लागते का, ते विचारा. तेवढी एकच अवघड गोष्ट इतिहासात आहे, आणि ती टाळण्याची सोय आपण सगळ्यांनी मिळून केली आहे.

खात्री करून घ्यावी म्हणून त्या रात्री चिरंजीवांना विचारले, "काय रे, पानिपतात मराठे का हरले?"

"किती मार्कांना, बाबा?"

दुसऱ्या दिवशी जिन्यात वहिनींच्या कन्येला आणि डॉक्टरांच्या मुलालाही तेच विचारले. दोघांनीही तेच उत्तर दिले. तिन्ही बोर्डांचा हिशेब जुळला तो एवढ्या एका ठिकाणी.