साठवणीतलं आकाश

25 मार्च 2020. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवसही. एरवी पाडव्याला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या द्यायला गावोगावचे कारभारी आलेले असतात. त्या वर्षी जत्राच झाल्या नाहीत. घरात बसा, सुरक्षित राहा, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. मग काही दिवसांतच दुसरा आग्रह सुरू झाला: बसलाच आहात तर काहीतरी नवं शिका.

नारायणगावजवळच्या खोडदकडे पाहिलं तर या आग्रहाला एक वेगळं उत्तर मिळतं. नवं काही सुरू करण्यापेक्षा, आधीच गोळा करून ठेवलेल्या गोष्टीकडे नीट पाहायला मोकळा वेळ फार मोलाचा असतो. खोडदला अशी साठवण आहे आणि ती आकाशाची आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, इथल्या शेतांमधून उभी आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. त्यातल्या 14 खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये दाटीनं आहेत. उरलेल्या 16 तीन फाट्यांवर लांब गेल्या आहेत, त्यामुळे टोकाच्या दोन डिशमधलं अंतर 25 किलोमीटरच्या आसपास भरतं. या दुर्बिणीला डोळा लावून काही दिसत नाही. डिशवर पडलेल्या रेडिओलहरी प्रकाशतंतूंवरून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तिथे प्रत्येक डिशचा संकेत इतर प्रत्येक डिशच्या संकेताशी ताडला जातो. 30 डिश म्हणजे 435 जोड्या. यातून निघते ती आकड्यांची रास. मोबाईल, विजेच्या तारा, वाहनं यांचा गोंगाट त्यातून निवडून काढायचा, मोजमापं दुरुस्त करायची, मग कुठे आकाशाचं चित्र उमटतं. काही तासांच्या निरीक्षणामागे महिनोन् महिने असे जातात, आणि ते काम संगणक असेल तिथे करता येतं.

टाळेबंदीच्याच काळातलं एक उदाहरण पाहावं. जून 2020 मध्ये रे नॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध जाहीर केला. ऑस्ट्रेलियातल्या ॲस्कॅप या नव्या दुर्बिणीच्या चित्रांमध्ये त्यांना फिकट, जवळजवळ अचूक गोल अशी वलयं दिसली होती. ती फक्त रेडिओलहरींतच दिसत होती आणि आधी माहीत असलेल्या कुठल्याच वस्तूशी जुळत नव्हती. निबंधात अशी चार वलयं होती. त्यातलं चौथं ॲस्कॅपमधलं नव्हतंच. ते जीएमआरटीच्या मार्च 2013 च्या निरीक्षणांत सापडलं, आणि ती निरीक्षणं एका दीर्घिकासमूहासाठी घेतलेली होती. म्हणजे ज्या वलयानं खगोलशास्त्रज्ञांना कोड्यात टाकलं, ते सात वर्षं खोडदच्या साठवणीत पडून होतं. कुणीतरी तिकडे पुन्हा पाहण्याचीच काय ती गरज होती.

अशी नजर पदव्यांच्या मोठ्या माळेशिवायही तयार होते, यावर डॉ. आनंद होता यांचा विश्वास आहे. त्यांनी एप्रिल 2013 मध्ये ‘रॅड ॲट होम’ हा उपक्रम सुरू केला. विज्ञान किंवा अभियांत्रिकी शिकणाऱ्या कुणीही घरून खऱ्या संशोधनात भाग घ्यावा, ही त्यामागची कल्पना. हाताशी सामग्री होती ती जीएमआरटीचीच. 150 मेगाहर्ट्झवर या दुर्बिणीनं आकाशाचा सुमारे 90 टक्के भाग पाहून काढला आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या सर्वेक्षणात सव्वासहा लाखांच्या आसपास रेडिओस्रोत आहेत आणि ती चित्रं सर्वांना खुली आहेत. एवढी चित्रं डोळ्यांखालून घालायला मूठभर शास्त्रज्ञ कसे पुरणार? या उपक्रमातली मुलं दीर्घिकेचं साध्या प्रकाशातलं चित्र आणि रेडिओचित्र एकावर एक ठेवतात, आणि जे चाकोरीबाहेरचं वाटेल त्यावर खूण करतात. मग जीएमआरटीवर वेळ मागून त्याच जागेचं बारकाईनं निरीक्षण होतं. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘रॅड12’ ही दीर्घिका अशीच हाती लागली. ती शेजारच्या दीर्घिकेवर झोत सोडते आहे, आणि त्या आघातातून छत्रीसारखा पसरलेला बुडबुडा चार लाख प्रकाशवर्षांहून मोठा आहे. साथ येण्याच्या सात वर्षं आधीच सुरू झालेल्या या कामाला घरबसल्या चालण्याची सवय होती.

इंग्लंडमध्ये हेच पावसाच्या बाबतीत घडलं. रेडिंग विद्यापीठाचे एड हॉकिन्स यांनी मार्च 2020 च्या अखेरीस, तिथली टाळेबंदी लागताच, लोकांना हाक दिली: जुन्या पर्जन्यनोंदींचे हस्तलिखित तक्ते संगणकात उतरवायला मदत करा. सुमारे 16,000 जण पुढे आले आणि पन्नास लाखांवर नोंदी 16 दिवसांत उतरवून झाल्या. त्यातल्या काही सतराव्या शतकातल्या होत्या. आपल्याकडेही तालुक्याच्या ठिकाणी पाऊस मोजायची पद्धत इंग्रजी अमदानीपासूनची आहे. त्या वह्यांसाठी अशी हाक कुणी दिली तर जुन्नर-आंबेगावातून हात कमी पडणार नाहीत.

मात्र घरात बसून वेळ हाताशी आला, तो सगळ्यांच्या नाही. खोडदच्या डिशभोवती कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांची शेतं आहेत. तोडणीला आलेलं पीक टाळेबंदीसाठी थांबत नाही. शेतकरी घरी बसलाच नाही. तमाशाच्या कलावंतांना वेळ भरपूर मिळाला, पण वर्षाची कमाई ज्या महिन्यांत होते नेमके तेच महिने गेले. चूल पेटायची चिंता असलेल्या माणसाला वेळेचा सदुपयोग शिकवणं क्रूरपणाचं होतं, आणि त्या काळात ते पुष्कळांनी केलं.

मुलांचं काय, हा प्रश्न त्याहून अवघड होता. शाळा बंद, वर्ग मोबाईलवर, आणि घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर शेतात किंवा बाजारात गेलेला. याची जाण ठेवून झालेल्या प्रयत्नांत ‘टिलीमिली’चं नाव आवर्जून घ्यावं लागेल. एमकेसीएलची ही मालिका 20 जुलै 2020 पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. इंटरनेटची गरज नव्हती. घरात, अंगणात सापडणाऱ्या वस्तू घेऊन करायच्या कृतींवर तिचा भर होता. मूल जिथे आहे तिथल्याच सामानातून शिक्षण उभं करायचं, हा विचार शाळा उघडल्यावर मागे पडला असेल तर ते नुकसान मोठं आहे.

असलेल्या सामानातून उभं करणं ही खोडदच्या दुर्बिणीचीही परंपरा आहे. तिचे जनक प्रा. गोविंद स्वरूप यांनी 1965 मध्ये कल्याणला पहिली मांडणी केली, ती ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या 32 लहान डिशची. जीएमआरटीच्या वेळी त्यांनी जड पत्र्याऐवजी दोरांवर ताणलेली बारीक पोलादी तारांची जाळी वापरली आणि एवढी मोठी दुर्बीण देशाच्या खिशाला परवडली. 7 सप्टेंबर 2020 रोजी, साथ ऐन भरात असताना, पुण्यात त्यांचं निधन झालं. पुढच्याच महिन्यात आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. जीएमआरटीच्या सुमारे 100 तासांच्या निरीक्षणांतून त्यांनी 7,653 दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र केले आणि 800 कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमध्ये अणुरूप हायड्रोजन किती होता ते मोजलं.

ज्यानं निरीक्षण मागितलं त्याच्याकडे जीएमआरटीची माहिती दीड वर्ष राखीव राहते. त्यानंतर ती संग्रहातून कुणालाही मागता येते. नारायणगावच्या किंवा मंचरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलीलाही. हाताशी बरा संगणक, लिनक्सची तोंडओळख आणि पहिलं चित्र बिघडलं तरी दुसऱ्यांदा बसायची तयारी, एवढ्यावर तिला सुरुवात करता येईल.