रिडंडंट म्हणजे काय रे भाऊ?

'रिडंडंट' या शब्दाशी माझी ओळख इंजिनिअरिंगला झाली. दोन डिस्क, दोन पॉवर सप्लाय, दोन सर्व्हर. एकाने मान टाकली की दुसरा उभा. म्हणजे रिडंडन्सी ही एकदम शुभ गोष्ट. जिथे ती नाही, तिथला इंजिनिअर रात्री नीट झोपत नाही.

पुढे इंग्लंडमध्ये नोकरीला असताना एका शुक्रवारी एचआरचं पत्र हातात पडलं. तुमची पोझिशन 'ॲट रिस्क ऑफ रिडंडन्सी' आहे म्हणे. खरं सांगतो, पहिल्यांदा वाटलं, चला, माझ्या बॅकअपला माणूस देताहेत! शेजारच्या गोऱ्या सहकाऱ्याचा उतरलेला चेहरा पाहिला तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

घरी येऊन डिक्शनरी उघडली. 'गरजेपेक्षा जास्त, अनावश्यक.' बास! त्या रविवारी आईला फोनच केला नाही. काय सांगणार? मी अनावश्यक झालो म्हणून?

मग हट्टाने तिथला कायदा वाचला. एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट, १९९६. आणि गंमत म्हणजे त्यातल्या व्याख्येत माणूस नालायक आहे की हुशार, याचा उल्लेखच नाही. धंदा बंद होणं, किंवा विशिष्ट प्रकारच्या कामासाठी लागणाऱ्या माणसांची गरज संपणं वा कमी होणं, एवढंच. रिडंडंट ठरते ती जागा. म्हणूनच तुम्हाला काढून त्याच कामावर लगेच दुसऱ्याला बसवलं, तर हा शब्द सहसा लागू होत नाही. दोन वर्षं नोकरी झाली असेल तर भरपाई मिळते. वयाच्या २२ ते ४० या काळातल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एक आठवड्याचा पगार, अर्थात कमाल मर्यादेत. ९० दिवसांत २० किंवा जास्त लोकांना काढायचं असेल, तर आधी कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी चर्चा करावी लागते.

मीटिंगमध्ये मी शांतपणे विचारलं, "नक्की कोणतं काम संपलंय?" नोकरी गेलीच शेवटी, पण मी मान खाली घालून बाहेर पडलो नाही. पैसेही नीट हिशेबाने घेतले.

माझं म्हणणं एवढंच आहे मंडळी. आपण जीआरईच्या वेळी हजारो शब्द रट्टा मारून पाठ करतो. एक शब्द, एक अर्थ, पुढचा शब्द. पण असे भारदस्त शब्द डिक्शनरीत नुसते पाहुणे असतात. ते राहतात करारात, कायद्यात, ऑफर लेटरच्या तिसऱ्या पानावर. तिथे गाठून त्यांचा अर्थ विचारायचा, आणि तोही सही करायच्या आधी. लाज कसली त्यात?

जाता जाता: या शब्दाचं मूळ लॅटिन. अर्थ, भरून वाहणं. म्हणजे आपलं उतू जाणंच की! आणि दूध उतू गेलं म्हणून ते नासकं होतं, असं काही आमची आई कधी म्हणाली नाही.