आजींनी ओळखलेला मालकंस

कुंभकोणमजवळच्या चोळपुरम्‌ला तंजावरी मराठी बोलणाऱ्या आप्तांकडे गेलो होतो. दुपारी मोबाइलवर चरणजितसिंगांचा मालकंस लावला. झोपाळ्यावरच्या आजी चटकन म्हणाल्या, “हा तर आमचा हिंदोलम्! पण वाजवतंय कोण, यंत्र?”

आजींचे दोन्ही अंदाज बरोबर होते. सिनेसंगीतात वादक असलेल्या चरणजितसिंगांनी १९८२ साली मुंबईत दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. साथीला ना तबला, ना तानपुरा. ठेक्याला एक यंत्र, खर्जाला दुसरे आणि सुरावटीला सिंथेसायझर. एचएमव्हीने तबकडी काढली, पण ती फारशी खपली नाही. हौशी श्रोत्याला तीत गाणे सापडेना आणि दर्दी श्रोत्याला आलाप.

पुढे १९८७ साली शिकागोच्या तरुणांनी त्याच जातीच्या खर्जयंत्रावर ‘ॲसिड हाउस’ नावाचे नृत्यसंगीत गाजवले. २०१० मध्ये हॉलंडमधून ही तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा जग थक्क झाले.

दोष नाहीत असे नाही. सारेच राग एका धावेत पळतात. ललितची पहाट निवांत उजाडत नाही. पण मालकंसात खर्जाचे सूर घसरत वर येतात, तेव्हा यंत्रालाही मींड साधते असे वाटते.

चरणजितसिंग २०१५ साली मुंबईत वारले. टाळ्या त्यांना मिळाल्या, पण सत्तरीत. आजींना डिस्कोही ठाऊक नव्हता आणि शिकागोही. त्यांनी फक्त सूर ऐकले. वाचकहो, १९८२ साली आपण तेवढेच करायला हवे होते, नाही का?