मांजर गप्प का बसली?

नसबंदी करून घरी आणलेली मांजर कपाटाखाली जाऊन बसली की घरचे म्हणतात, ‘अजून गुंगी आहे, झोपू दे.’ बऱ्याचदा ती गुंगी नसते, दुखणं असतं. मांजर फारशी कण्हत नाही. पण चेहरा लपत नाही. माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये त्याची मोजपट्टीच प्रसिद्ध केली. बाहेर वळलेले कान, मिटत आलेले डोळे, ताणलेलं तोंड, ताठ मिशा, खांद्याखाली झुकलेलं डोकं. प्रत्येकाला ० ते २ गुण. १० पैकी ४ झाले, की वेदनाशामक द्यायला हवं. ही पट्टी डॉक्टरांनी मांजर घरी सोडतानाच समजावून सांगावी. वेदनेच्या औषधाची चिठ्ठीही मालकाला मागावी लागू नये. नाहीतर कुणीतरी कळवळून घरातली पॅरासिटामॉल देतं. मांजरीच्या यकृताला तिचा निचरा नीट करता येत नाही. अर्धी गोळीही जिवावर बेतू शकते.